सिंकखालची तांबू

बायको, अंजनी, गेल्यावर चार-पाच महिन्यांनी रघुभाऊंच्या स्वयंपाकघरात वास यायला लागला.

आधी त्यांना वाटलं, डबा कुठेतरी सांडला असेल. ओट्याखाली वाकून पाहिलं, फ्रिजमागे टॉर्च मारला, कांद्या-बटाट्यांची टोपली उपडी केली. टोपलीत कोंब फुटलेला एकच बटाटा निघाला, पण त्याला वास नव्हता. मग ते सिंकपाशी आले आणि थांबले. वास तिथूनच येत होता.

वासाच्या बाबतीत रघुभाऊ फसणारे नव्हते. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये पाणी सोडण्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. गल्लीगल्लीतले व्हॉल्व लांब किल्लीने उघडायचे आणि बंद करायचे, हेच त्यांचं काम. कुठल्या चेंबरला नुसत्या गंजाचा वास येतोय आणि कुठे उंदीर मेलाय, हे ते झाकण न उघडता सांगायचे. आता स्वतःच्या घरातल्या सिंकवर वाकून त्यांनी एक लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "हे मशीन सडलंय."

ऐकायला घरात कुणी नव्हतं.

मशीन म्हणजे सिंकच्या भोकाखाली बसवलेला लोखंडी डबा. भाजीची सालं, खरकटं वरून टाकायचं, नळ सोडायचा, बटण दाबायचं. आतली चकती फिरते, सगळ्याचा भुगा होतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. पालेगावच्या सातव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये हे मशीन आलं ते अंजनीच्या हातांमुळे. संधिवाताने तिची बोटं वाकडी झाली होती. ओला कचरा रोज सकाळी खाली नेऊन हिरव्या ड्रममध्ये टाकायचा, असा सोसायटीचा नियम होता, आणि तिला बादलीची कडी धरवायची नाही. "मी नेतो ना," असं रघुभाऊ म्हणायचे आणि विसरायचे. शेवटी ठाण्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने, अभिजीतने, एका दिवाळीच्या आधी माणूस आणून मशीन बसवून घेतलं.

पहिले काही दिवस अंजनी त्याला घाबरायची. बटण दाबलं की मागे सरायची आणि पदर तोंडाशी धरून ते घर्रघर्र ऐकत राहायची. "पोरानं काय गिरणी बसवलीय का घरात?" म्हणायची. मग एका सकाळी रघुभाऊ बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, तेव्हा आतून तिचं बोलणं ऐकू आलं.

"खा गो बाय, खा. दुधीची साल आहे, कवळी."

त्यांना वाटलं फोनवर बोलतेय. आत जाऊन पाहिलं तर अंजनी सिंकसमोर उभी, हातात दुधीच्या साली, आणि एकेक साल आत सोडतेय.

"कुणाशी बोलतेस?"

"तांबूशी," ती म्हणाली आणि लाजली.

चामटोलीला अंजनीच्या माहेरी तांबू नावाची गाय होती. त्या घराच्या चुलीपाशी एक खिडकी होती, बिनगजांची. भाजी चिरायच्या वेळेला तांबू बाहेरून मान आत घालून उभी राहायची आणि लहानगी अंजनी तिला सालं भरवायची. लग्न होऊन ती कॅम्प पाचला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी सालं ओंजळीत धरून खोलीच्या दारात उभी राहिली होती. "हे कुठं टाकू?" तिने विचारलं होतं. "गटारात," रघुभाऊ म्हणाले होते. तेव्हा तिने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं होतं, ती त्यांना अजून आठवत होती. शहरातल्या माणसाशी लग्न केलंय हे तिला बहुधा त्या क्षणी कळलं असावं.

इतक्या वर्षांनी, वाकडी झालेली बोटं घेऊन, तिला पुन्हा कुणाला तरी भरवायला मिळालं होतं. मशीनचं नाव घरात तांबूच पडलं. "तांबूला पाणी दाखव," "तांबूला आज जास्त झालंय," असं ती बोलायची. त्या मशीनचा वास तेव्हा रघुभाऊंना कधी आला नाही. उलट सकाळी चहाला आत गेलं की लिंबाचा, थोडा आंबटसर, स्वच्छ वास असायचा. त्याकडे रघुभाऊंनी कधी वेगळं लक्ष दिलं नव्हतं. घराला घराचा वास असतो, तसा तो.

हिवाळ्यात अंजनीच्या छातीत कफ भरला. दवाखान्यात नेलं, आणि ती परत आली नाही.

तेव्हापासून रघुभाऊंना बनूबाईंचा डबा होता. बनूबाई पलीकडच्या इमारतीत राहायच्या आणि आसपासच्या एकट्या माणसांना जेवण पुरवायच्या. दोन वेळेला पोळी-भाजी, आमटी-भात. जेवायचं, ताटात उरलेलं सिंकमध्ये सारायचं, आठवण झाली तर बटण दाबायचं. गॅस पेटायचा तो फक्त चहाला.

वास आल्यावर त्यांनी आधी फिनेल ओतलं. दोन दिवस फिनेलचा वास आला, तिसऱ्या दिवशी दोन्ही वास एकत्र आले. मग दुकानदाराने एक पावडर दिली. ती टाकल्यावर सिंकमधून असा वाफारा उठला की रघुभाऊ खोकत गॅलरीत पळाले, आणि डोळ्यांतून पाणी थांबेपर्यंत तिथेच उभे राहिले. संध्याकाळी सिंकपाशी गेले तर वास तसाच.

त्या रविवारी अभिजीत आणि त्याची बायको शलाका आले. अभिजीतने चपला काढायच्या आधीच नाक मुरडलं.

"बाबा, हे काय? दारातच वास येतोय."

"मशीनचा आहे. बघतोय मी."

अभिजीत आत गेला, वाकला आणि लगेच मागे झाला. "हे आता काढूनच टाकू. आईसाठी बसवलं होतं. तुम्हाला काय उपयोग? साधा पाइप बसवला की काम संपलं. मी पुढच्या रविवारी प्लंबरला घेऊन येतो."

"बघू," रघुभाऊ म्हणाले.

"बघू काय त्यात? हे असल्या वासात तुम्ही जेवता?"

"अभि, हळू बोल," शलाका म्हणाली.

मुलाचं म्हणणं चूक नव्हतं. पण ती दोघं गेल्यावर ते स्वयंपाकघरात स्टूल घेऊन बसले. खिडकीतून पालेगावची जुनी वस्ती दिसत होती, तिच्या पलीकडे अर्धवट उभे टॉवर, त्यांच्यावर क्रेन. याच खिडकीशी अंजनी उभी असायची. तिच्या साड्या त्यांनी तिच्या भावजयीला दिल्या होत्या, औषधं दवाखान्यात परत केली होती, पलंगाची दिशा अभिजीतने बदलून दिली होती. एकेक करून सगळं जागेवरून हललं होतं. आता तांबूही जाणार.

"नाही," ते मोठ्याने म्हणाले. "ही राहील."

लिंबू, एवढंच त्यांना माहीत होतं. पण बनूबाईंच्या डब्यात लिंबाची एखादी फोड यायची, तिने काय होणार? दुसऱ्या दिवशी ते नाक्यावर धर्मेशच्या सोड्याच्या गाडीशी गेले. धर्मेश दिवसभर लिंबं पिळायचा आणि सालं गाडीखालच्या पिंपात टाकायचा.

"धर्मेश, सालं देशील का जरा?"

"कायको काका? लोणचं घालताय काय पिळलेल्या लिंबाचं?"

"गाय आहे," रघुभाऊंच्या तोंडून निघून गेलं.

"सातव्या माळ्यावर?" धर्मेश हसला, पण पिशवी गच्च भरून दिली.

घरी येऊन रघुभाऊंनी ती अख्खी पिशवी सिंकमध्ये रिकामी केली आणि बटण दाबलं. मशीनने एक घरघर केली, मग नुसतं हूं... करत राहिलं आणि बंद पडलं. पुन्हा दाबलं. काही नाही. आपणच मारलं हिला, असं त्यांच्या मनात आलं, आणि लोखंडी डब्याबद्दल असं वाटतंय याची लाजही वाटली.

त्यांनी भिंतीवरचं मुख्य बटण बंद केलं. सांडशीने एकेक साल बाहेर काढली. सालं चकतीभोवती पाचरीसारखी बसली होती. मग गुडघे टेकून ओट्याखाली डोकं घातलं. डब्याच्या बुडाला एक लाल खटका होता. अभिजीतने बसवणाऱ्या माणसाकडून तो समजून घेतला होता, तेव्हा रघुभाऊ मागे उभे होते. त्यांनी तो दाबला, बाहेर आले, नळ सोडून मशीन सुरू केलं. तांबू पुन्हा घर्रर्र करून फिरायला लागली. रघुभाऊंनी सिंकची कड दोन्ही हातांनी धरली.

पण वास गेला नव्हता. सडक्या वासावर लिंबाचा वास बसला होता, घामावर अत्तर मारावं तसा.

त्या रात्री जेवताना त्यांना अंजनीच्या कॅम्प पाचच्या फेऱ्या आठवल्या. दर महिन्याला एकदा ती रिक्षा करून जुन्या शेजारणीकडे, ईश्वरी आंटीकडे, जायची आणि येताना तिच्या हातात कापडी पिशवी असायची. "काय आणलंस?" असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. दोन बायकांचं काहीतरी असेल, एवढंच त्यांना वाटायचं.

सकाळी ते रिक्षात बसले.

कॅम्प पाच बदलला होता आणि नव्हताही. बैठ्या घरांवर मजले चढले होते, गल्लीच्या तोंडाशी मोबाइलची दुकानं झाली होती. जीन्स शिवणाऱ्या मशीनची कडकड मात्र तशीच, आणि कोपऱ्यावर पापड भाजल्याचा वासही. रघुभाऊंचे डोळे आपोआप जमिनीकडे जात होते. इथे मोठा व्हॉल्व. इथे पितळी किल्लीचा. या चेंबरवर बसून त्यांनी किती पहाटे चहा घेतला होता, पाणी चढायची वाट बघत. पलीकडच्या ओळीत त्यांची खोली होती. अभिजीत तिथेच रांगला, तिथेच पहिल्यांदा पडून त्याचा ओठ फुटला. आता त्या जागी शटर होतं, त्याच्यावर निळ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. ते वाचायला ते थांबले नाहीत.

ईश्वरी आंटीचं घर त्या खोलीला लागून होतं. मधली भिंत एक, बाहेरची मोरीही एकच. आंटी रघुभाऊंपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. सिंधी लोणची घालून विकायच्या, त्यावर दोन मुलांची शिक्षणं झाली. आता धंदा सून सोनिया बघायची, पण लिंबं मात्र आंटी स्वतः चिरायच्या. रघुभाऊ दारात आले तेव्हा त्या चटईवर बसून तेच करत होत्या. समोर परातभर लिंबं आणि बाजूला खडेमिठाचा ढीग.

"अचो अदा, अचो," त्या म्हणाल्या. ये भाऊ, ये. मग चाकू खाली ठेवून हिंदीत शिरल्या, म्हणजे राग आला होता. "अंजनी गई, तो तू भी गया क्या? इतने महीने में एक बार नहीं आया. मेरे घुटने नहीं चलते, नहीं तो मैं आती."

"चुकलं, आंटी."

"बस."

ते बसले. सोनियाने पाणी आणून दिलं. ते पिऊन त्यांनी सरळ सांगून टाकलं की मशीनला वास येतोय, मुलगा काढायला निघालाय, आणि अंजनी काय करायची ते आपल्याला माहीत नाही.

आंटी त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुला माहीत नाही?"

"नाही."

"एका घरात राहून?"

आंटींनी एक लिंबू उचललं, चिरलं आणि सावकाश बोलायला लागल्या. आता मराठीत.

"ते मशीन आलं ना, तेव्हा ती इथं येऊन रडली होती. म्हणाली, सुरी धरवत नाही, बादली धरवत नाही, आता पोराने मशीन आणलं म्हणजे मी बादच झाले. मी म्हटलं, वेडे, गिरणी घरात आली म्हणून कुणी बाद होतं काय? तिला दळण कोण घालणार? मग एक दिवस म्हणाली, आंटी, तांबूच्या तोंडाला वास येतोय. मला आपली ती मोरी आठवली. आपल्या दोन घरांमधली. आठवते?"

रघुभाऊंना आठवली. काळ्या फरशीची मोरी. दुपारी या दोघी तिथे भांडी घेऊन बसायच्या. आंटींच्या लोणच्याची उरलेली सालं, मीठ, कधी चिमूटभर सोडा टाकून ती घासायच्या, वरून कढत पाणी ओतायच्या. अख्ख्या ओळीत त्यांच्याच मोरीला वास नसायचा. ड्युटीवरून येऊन रघुभाऊ तिथे पाय धुवायचे, आणि दोघी मिळून त्यांना ओरडायच्या, "आत्ता घासलीय!"

"तेच केलं आम्ही," आंटी म्हणाल्या. "फक्त तिला साल बारीक चिरता येत नव्हती. म्हणून मी इथं चिरून द्यायची, महिन्याची. ती घरी नेऊन बर्फाच्या साच्यात भरायची. साल, खडेमीठ, वरून पाणी, थोडा सिरका, तुमचा व्हिनेगर. गोठलं की रोज दोन खडे मशीनमध्ये टाकायचे. बर्फ आतलं घासतो, साल वास देते."

रघुभाऊ एकदम हसायला लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. आंटी आणि सोनिया बघतच राहिल्या.

"काय झालं?"

"मागच्या उन्हाळ्यात," ते म्हणाले, "मला वाटलं, हिने सरबतासाठी लिंबाचा बर्फ केलाय. मी रूह अफ़्ज़ामध्ये चार खडे टाकून प्यायलो. खारट, आंबट, तोंड असं झालं... मी ओरडलो, अगं काय विष ठेवलंयस फ्रिजमध्ये! तर ती ओट्याला टेकून हसायला लागली. इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. म्हणाली, तांबूचं खाणं तुम्ही खाल्लंत. मला ती थट्टाच वाटली."

आंटीही हसल्या, तोंडाला पदर लावून. बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं.

"पण अदा," आंटी म्हणाल्या, "नुसत्या बर्फाने आता होणार नाही. तू महिनोन्महिने लक्ष दिलं नाहीस. भोकात काळ्या रबराच्या पाकळ्या आहेत ना? त्यांची खालची बाजू बघितलीस?"

"नाही."

"तिथंच सगळं बसतं. पहिलं, भिंतीवरचं बटण बंद. बटण बंद असलं तरी आत हात घालायचा नाही. जुना दातांचा ब्रश घे, त्यावर सोडा, आणि पाकळ्या उलट्या करून घास. मग आत अर्धी वाटी खायचा सोडा, वर सिरका. फेस येईल, येऊ दे. जरा वेळाने पाणी. मग बर्फ. आणि तेल ओतायचं नाही, भात ढकलायचा नाही. शेवग्याची शेंग, केळ्याची साल, काही दोऱ्याचं टाकायचं नाही. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"आणि खरं सांगू?" त्यांनी चाकू परातीत ठेवला. "तू डबा खातोस ना? मग हे सगळं करूनही आठ दिवसांनी वास येणार. चूल पेटत नाही त्या घरची मोरी बोलायला लागते. मशीनला रोज ताजं काहीतरी लागतं, भरपूर पाणी लागतं. खरकटं ढकलून नाही होत."

"मला स्वयंपाक येत नाही, आंटी."

"पाणी सोडायला तरी कुठं येत होतं? शिकलासच ना?"

निघताना आंटींनी चिरलेल्या सालींची पिशवी आणि सिरक्याची बाटली हातात दिली. पिशवी कापडी होती, फुलांची. अशाच पिशव्या घरी दाराच्या खुंटीला लटकायच्या.

रघुभाऊ घरी आले आणि शर्टाच्या बाह्या दुमडून कामाला लागले. भिंतीवरचं बटण बंद केलं. ब्रशच्या दांडीने रबराची पाकळी उलटी केली आणि नाक बाजूला वळवलं. खाली काळा, बुळबुळीत थर होता, बोटभर जाड. पाणी सोडणाऱ्या माणसाने आयुष्यात याहून वाईट पाहिलं होतं, पण हे त्यांच्याच ताटातलं होतं, अंजनी गेल्यापासूनचं. एकेक पाकळी त्यांनी सोड्याने घासली, फडक्याने पुसली, पुन्हा घासली. मग सोडा, मग सिरका. फेस फसफसत वर आला, थेट सिंकपर्यंत. त्यांनी स्टुलावर बसून तो खाली बसताना पाहिला. मग नळ पूर्ण सोडला.

साल, मीठ आणि सिरका घालून भरलेल्या साच्यातला बर्फ रात्री गोठला. सकाळी त्यांनी दोन खडे टाकले आणि बटण दाबलं. तांबूने दगड चावल्यासारखा आवाज केला, कडाकडा, मग मऊ होत होत शांत झाली. रघुभाऊ सिंकवर वाकले.

वास नव्हता. म्हणजे होता, पण तो जुना वास. सकाळच्या चहाबरोबरचा. आजवर तो कधी लक्षात आला नव्हता, पण आता आल्याबरोबर ओळखू आला. त्यांनी चहा टाकला आणि तो तिथेच उभ्याने प्यायले, बाहेरच्या खोलीत न नेता.

त्या दिवशी त्यांनी बनूबाईंना सांगितलं की संध्याकाळचा डबा नको. बनूबाईंना वाटलं, भाजीत काही चुकलं. "नाही हो, चांगली असते," रघुभाऊ म्हणाले. "पण मला सालं पाहिजेत." बनूबाईंना त्यातून काही कळलं नाही, पण त्यांनी एका वेळेचा डबा बंद केला.

पहिला भात खाली लागला. दुसरा चिखल झाला. दुधी सोलताना अर्धा दुधी सालीबरोबर गेला, आणि तांबूला त्या दिवशी चांगलं खायला मिळालं. काकडीची कोशिंबीर बऱ्यापैकी जमली. फोडणी करताना मोहरी अंगावर उडाली, तेव्हा त्यांना आठवलं की अंजनी झाकण ढालीसारखं धरायची. इतकी वर्षं ते हे दारातून बघत होते आणि म्हणायचे, "लवकर आटप, भूक लागलीय."

रविवारी अभिजीत आणि शलाका प्लंबरला घेऊन आले. प्लंबरने हत्यारांची पिशवी खाली ठेवली, सिंकखाली डोकं घातलं, वर येऊन बटण दाबलं, बंद केलं, हुंगून पाहिलं.

"साहेब, यात काय काढायचंय? एकदम ओके आहे."

अभिजीतने बापाकडे पाहिलं. मग तो स्वतः सिंकपाशी गेला, वाकला, आणि बराच वेळ तसाच राहिला. पाठ सगळ्यांकडे होती, त्यामुळे त्याचं तोंड दिसलं नाही. सरळ झाला तेव्हा म्हणाला, "प्लंबरदादा, चहा घेऊन जा."

जेवायला दुधीची भाजी, वरण आणि बराचसा सुटा भात होता. पोळ्या तेवढ्या शलाकाने केल्या. अभिजीतने पहिला घास घेतला.

"मीठ कमी आहे, बाबा."

"वरून घे," रघुभाऊ म्हणाले. "आईच्या हातचं खाताना कधी म्हणालास का?"

"आईच्या भाजीत कमी नसायचं."

शलाका हसली, मग अभिजीतही हसला. बऱ्याच महिन्यांनी त्या टेबलावर असं झालं होतं. जेवताना रघुभाऊंनी कॅम्प पाचचं सगळं सांगितलं, मोरीचं, रूह अफ़्ज़ाचं, आई रडली होती तेही. शेवटचं ऐकून अभिजीत थांबला. "मला वाटलं होतं, तिला आवडलं असेल," तो म्हणाला.

"आवडलं होतं. नंतर," रघुभाऊ म्हणाले. "आधी सवय व्हायला पाहिजे ना माणसाला."

ती दोघं गेल्यावर रघुभाऊंनी ओटा पुसला आणि गॅलरीत खुर्ची टाकली. तेवढ्यात सोनियाचा फोन आला. मंगळवारी ती तिच्या सासूला गाडीतून पालेगावला आणणार होती. आंटींनी हट्टच धरला होता की अंजनीचं घर बघायचंय, आजवर बघितलं नाही. "अंकल, आप तकलीफ मत लेना, हम खाके आएंगे," सोनिया म्हणाली.

"असं कसं? जेवायलाच यायचं," रघुभाऊ म्हणाले. "आंटीला दे जरा."

फोनवर आंटींचा खोकला ऐकू आला. रघुभाऊ उठून पुन्हा स्वयंपाकघरात गेले आणि दिवा लावला.

"आंटी, तुमच्या त्या सिंधी कढीत भेंडी अख्खी घालायची की चिरून?"

"कढी? तू करणार?" आंटी पलीकडे हसत सुटल्या. "अरे, आधी बेसन भाजायचं, मंद आचेवर. घाई नाही करायची. कढई घे."

त्यांनी फोन ओट्यावर स्पीकरवर ठेवला आणि कढई शोधायला वाकले.